पंचवीस किलोंचे कॅरिअर आणि नऊ किलोंची पिशवी: एका तुटलेल्या बोल्टचे प्रकरण

डिस्क ब्रेक असलेल्या एका हायब्रिड सायकलच्या मागच्या कॅरिअरचा डावा खालचा बोल्ट, कॅरिअर बसवल्यानंतर सातव्या आठवड्यात, भरल्या पिशवीनिशी सायकल चालू असतानाच तुटला. सायकल एका शिक्षिकेची आहे. आठवड्यातून पाच दिवस, रोज जाऊन-येऊन १४ किलोमीटर अंतर त्या तिच्यावरून कापतात आणि तपासायच्या वह्या, कुलूप व पाण्याची बाटली यांचे मिळून सुमारे ९ किलो ओझे कॅरिअरच्या डाव्या बाजूला टांगलेल्या एकाच पिशवीतून नेतात. बोल्ट तुटला तेव्हा शिक्षिका वळणासाठी वेग कमी करत होत्या. कॅरिअर डावीकडे कलले, पिशवीचा खालचा कोपरा आऱ्यांना घासला आणि एक आरा वाकला, एवढ्यावरच निभावले. कॅरिअरवर २५ किलोंचा शिक्का स्पष्ट होता, त्यामुळे सायकल तपासणीसाठी माझ्याकडे आणताना त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता: पंचवीस किलोंचे कॅरिअर नऊ किलोंना तुटले कसे?

कॅरिअर तुटलेच नव्हते. त्याच्या नळ्या सरळ होत्या, जोडाचे टाके शाबूत होते आणि वरच्या पट्टीवर साधी चीरही नव्हती. तुटला होता तो कॅरिअर आणि फ्रेम यांना जोडणारा, बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांबीचा बोल्ट. शिक्का कॅरिअरच्या चौकटीची क्षमता सांगतो, तीही सूचनेप्रमाणे जोडणी झाली आहे असे गृहीत धरून. ही जोडणी सूचनेप्रमाणे झालेली नव्हती, आणि तशी ती का झाली नाही याचे कारण डिस्क ब्रेकमध्ये होते.

जोडणी कशी झाली होती

फ्रेम अॅल्युमिनियमची होती आणि मागच्या धुऱ्याजवळ दोन्ही बाजूंना आट्यांचे प्रत्येकी एकच भोक होते, म्हणजे मडगार्डची तार आणि कॅरिअरचा पाय यांना एकाच भोकात संसार करावा लागणार होता. सीटकडे जाणाऱ्या मागच्या दांड्यांवर वरच्या बाजूला आणखी दोन भोके होती, ती कॅरिअरच्या पुढच्या पट्ट्यांसाठी. उजवीकडे काही अडचण नव्हती. डावीकडे मात्र ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणारा भाग, मागच्या दांड्यावर बाहेरच्या अंगाला बसवलेला होता आणि तो कॅरिअरच्या सरळ पायाच्या वाटेतच येत होता. ज्यांनी कॅरिअर बसवले त्यांनी नेहमीचा उपाय केला: पाय कॅलिपरच्या बाहेरून जाईल इतका दूर सरकवला आणि मधली पोकळी जे हाताशी होते त्याने भरून काढली.

बोल्ट काढताना ही रचना आतून बाहेर अशी मोजून ठेवली. फ्रेमला लागून मडगार्डच्या तारेची कडी, सुमारे ३ मिलिमीटर. त्यावर १ मिलिमीटरचा वॉशर. मग १५ मिलिमीटर लांबीची नायलॉनची नळी. पुन्हा १ मिलिमीटरचा वॉशर. आणि सर्वांत शेवटी कॅरिअरच्या पायाची ५ मिलिमीटर जाडीची चपटी पट्टी. म्हणजे कॅरिअरचा पाय फ्रेमपासून २० मिलिमीटर दूर उभा होता. कॅरिअरसोबत आलेला १६ मिलिमीटरचा बोल्ट अर्थातच पुरला नसता, म्हणून त्याच्या जागी ३५ मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट घातलेला होता. बोल्टचा व्यास दोन्हींचा सारखाच, ५ मिलिमीटर. बाहेरून पाहिले तर काम नीटनेटके दिसत होते. नळी काळी, बोल्ट चकचकीत, आणि हाताने हलवून पाहिल्यावर पहिल्या दिवशी तरी काही हललेही नसावे.

तुटलेल्या तोंडावर काय दिसले

बोल्ट फ्रेमच्या पृष्ठभागाशी अगदी समतल तुटला होता. आट्यांच्या भोकात शिरलेला बोल्ट ताणला जातो तेव्हा सर्वाधिक भार पहिल्या एक-दोन आट्यांवर येतो, शिवाय प्रत्येक आट्याचा तळ ही धारदार खाच असते, त्यामुळे बोल्ट तुटायचाच असेल तर बहुधा याच ठिकाणी तुटतो. भिंगाखाली तुटलेल्या तोंडाचे दोन भाग वेगळे ओळखू येत होते. वरच्या कडेपासून सुरू झालेला मोठा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर ओसरत्या पाण्याने वाळूवर सोडाव्यात तशा फिकट कमानी होत्या, तर खालच्या कडेचा छोटा भाग खरबरीत आणि ताजा चमकदार होता. एका धक्क्यात तुटलेला बोल्ट असा दिसत नाही. पुन्हापुन्हा वाकल्यामुळे एक सूक्ष्म चीर वरून खाली सरकत गेली आणि उरलेला पातळ भाग शेवटी एका साध्या वळणाला गेला, असे हे तोंड सांगत होते. दुसरी खूण नायलॉनच्या नळीवर होती. तिची दोन्ही टोके वॉशरच्या आकारात दबली होती आणि एका बाजूला अधिक दबली होती, म्हणजे पाय बऱ्याच दिवसांपासून खाली-वर डुलत होता.

त्या शिक्षिकांना विचारल्यावर त्यांनी सांगितले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिशवी लावलेली असताना मागून हलका कुरकुर आवाज येत असे आणि पिशवी काढली की तो थांबत असे. त्यांनी तो पिशवीच्या हुकांचा आवाज समजून सोडून दिला. असा समज होणे स्वाभाविक आहे, कारण हुकही कुरकुरतात.

बोल्ट आवळलेला असणे म्हणजे काय

बोल्ट हा खुंटीसारखा असतो आणि कॅरिअर त्यावर टांगलेले असते, अशी बहुतेकांच्या मनातली कल्पना असते, आणि या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे. चांगल्या जोडणीत ओझे बोल्टवर टांगलेले नसते. बोल्ट दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो आणि ओझे त्या पृष्ठभागांमधल्या घर्षणावर तोलले जाते. ५ मिलिमीटरचा बोल्ट ५ न्यूटन-मीटर इतका आवळला, तर आट्यांमधले नेहमीचे घर्षण धरून त्यात सुमारे ५,००० न्यूटन ताण उभा राहतो. कॅरिअरचा पाय फ्रेमवर जवळजवळ पाचशे किलो वजनाच्या जोराने दाबला जातो असे म्हणता येईल. घर्षणांक ०.१५ धरला तरी तो पाय जागेवरून घसरवायला सुमारे ७५० न्यूटन बळ लागेल. ९ किलोंची पिशवी म्हणजे सुमारे ८८ न्यूटन. खड्ड्यात ती तिप्पट जोराने आदळली तरी २६४ न्यूटन होतात आणि पायाला हलण्याचे कारण उरत नाही.

हा ताण गेला की सगळे गणित उलटते. मग पाय बोल्टवर खरोखरच टांगला जातो, आणि या जोडणीत तो फ्रेमपासून २० मिलिमीटर दूर, म्हणजे पट्टीच्या मध्यापर्यंत मोजल्यास साडेबावीस मिलिमीटर लांबीच्या तरफेच्या टोकाला टांगला गेला. पिशवी डाव्या कडेच्याही बाहेर लोंबत असल्यामुळे तिचे जवळजवळ सर्व वजन डाव्याच पायावर येत होते. ८८ न्यूटन गुणिले साडेबावीस मिलिमीटर म्हणजे सुमारे २ न्यूटन-मीटर वाकवणारे आघूर्ण. ५ मिलिमीटरच्या बोल्टचा आट्यांच्या तळाशी व्यास ४ मिलिमीटरच भरतो आणि तेवढ्या जाडीवर या आघूर्णाने सुमारे ३१० मेगापास्कल ताण येतो, तोही सायकल स्थिर उभी असताना. दुकानात सहज मिळणारा ए२-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला कायमचा वाकू लागतो आणि ७०० ला तुटतो. रस्त्यावरचा एखादा बरा धक्का या ताणाची दुप्पट करायला पुरेसा आहे. हा अंदाज सर्वांत वाईट स्थितीचा आहे हे मान्य करायला हवे, कारण दुसरा पाय आणि पुढच्या पट्ट्या थोडा भार वाटून घेतात. तथापि, हजारो वेळा खाली-वर वाकणाऱ्या आणि मुळातच खाचा असलेल्या बोल्टला तुटण्यासाठी ४५० पर्यंत पोचण्याची गरजही नसते.

राहिला प्रश्न आवळल्याने बोल्टमध्ये आलेला ताण गेला कसा याचा. याची तीन कारणे मला दिसली. नायलॉन सतत दाबाखाली राहिले की हळूहळू बसत जाते, आणि बोल्टमधला ताण हा बोल्टच्या अगदी सूक्ष्म लांबण्यातून येत असल्याने नळी मिलिमीटरच्या लहानशा अंशाने बसली तरी तो ताण ओसरतो. मडगार्डच्या तारेची कडी गोल असल्यामुळे ती फ्रेमला पूर्ण पृष्ठभागाने टेकतच नव्हती. तिच्याखालचा रंग दोन रेघांत चिरडलेला होता. आणि बसवल्यानंतर सात आठवड्यांत, सुमारे पाचशे किलोमीटरच्या वापरात, एकही बोल्ट पुन्हा आवळून पाहिलेला नव्हता. यातले तिसरे कारण एकटे असते तर बहुधा निभावले असते. पहिली दोन असताना मात्र नियमित आवळूनही आजचे मरण उद्यावर गेले असते, एवढेच.

अडकलेला तुकडा

समतल तुटलेला बोल्ट पाहिला की हात लगेच ड्रिलकडे जातो. ते टाळले. बोल्टचे टोक भोकातून आतल्या बाजूला सुमारे २ मिलिमीटर बाहेर आलेले होते आणि चाक काढल्यावर ते लॉकिंग पक्कडीच्या जबड्यात सापडले. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोल्ट बाहेरून आत घातलेला असतो, त्यामुळे आतून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की तो आणखी आत सरकतो आणि आतूनच सुटून हातात येतो. तुकडा याच दिशेने काढणे श्रेयस्कर, कारण पक्कडीने चिरडलेले आटे फ्रेमच्या भोकातून जात नाहीत. भेदक तेलाचे दोन थेंब टाकून अर्धा तास थांबल्यावर तुकडा विनातक्रार निघाला. डिस्कवर आणि ब्रेकच्या पॅडवर तेल उडू नये म्हणून चाकाबरोबर पॅडही आधी काढून ठेवले होते. भोकातून ५ मिलिमीटरचा, ०.८ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा टॅप (आटे साफ करणारे हत्यार) हाताने फिरवून घेतला. आटे चांगले होते. वाकलेला आरा बदलून चाक सरळ करून घेतले.

नवी जोडणी

नायलॉनच्या जागी पोलादी नळी घालून तेच कॅरिअर परत बसवता आले असते का? हिशेबाने आले असते. १० मिलिमीटर बाह्य व्यासाची पोलादी नळी ५,००० न्यूटनने दाबलेली असेल, तर तिचे तोंड फ्रेमपासून एका कडेने उचलायला सुमारे ८ न्यूटन-मीटर आघूर्ण लागते आणि आपले ओझे ते २ न्यूटन-मीटरच देते. पण हा सगळा हिशेब बोल्टमधला ताण टिकण्यावर उभा आहे. ज्या सायकलला महिन्यातून एकदा पाना लागेल की नाही याची खात्री नाही, तिच्यावर २० मिलिमीटरची तरफ ठेवणे मला पटले नाही. म्हणून डिस्क ब्रेकसाठी बनवलेले कॅरिअर घेतले. त्याचा पाय कॅलिपरच्या बाहेरून वळसा घेतो आणि तळाशी पुन्हा आत येऊन थेट फ्रेमला टेकतो. क्षमता तीच, २५ किलो.

या वेळी कॅरिअरचा पाय फ्रेमला लागून बसवला आणि मडगार्डची कडी त्याच्या बाहेर, वॉशरखाली घेतली. जड भार वाहणारा भाग फ्रेमच्या जवळ आणि हलका दूर, हा क्रम एकच भोक असलेल्या प्रत्येक सायकलला लागू आहे. पट्टी ५, कडी ३ आणि वॉशर १ अशी ९ मिलिमीटरची जाडी झाली, फ्रेमच्या भोकाची खोली ८ मिलिमीटर होती. डावीकडे २० मिलिमीटरचा बोल्ट घातला, त्याचे टोक आत ३ मिलिमीटर येते आणि डिस्कला कुठेही लागत नाही. उजवीकडे तोच बोल्ट चालला नसता. त्या बाजूला भोकाच्या अगदी आत सर्वांत लहान दातेरी चकती असते आणि साखळी तिच्यावर आली की बाहेर आलेल्या टोकाला घासते. कधी साखळी अडकून चाकच थांबते. म्हणून उजवीकडे १६ मिलिमीटरचा बोल्ट वापरला. त्याची ७ मिलिमीटर लांबी आट्यांत गुंतते आणि टोक आतच राहते. साखळी लहान चकतीवर आणून, चाक हाताने फिरवून, फट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचे काम सुरू केले नाही.

बोल्ट आवळण्याचा क्रम पहिल्या जोडणीत चुकलेला असावा, असे पुढच्या पट्ट्यांच्या पीळावरून वाटले. एकेक बोल्ट लावून तिथल्या तिथे आवळत गेले की शेवटच्या भोकाशी कॅरिअर जुळत नाही, मग ते ओढून जुळवले जाते आणि कॅरिअर ओझे नसतानाही ताणाखाली राहते. या वेळी चारही बोल्ट आधी दोन-तीन आटे धरतील इतकेच लावले, वरची पट्टी जमिनीला समांतर आहे हे पाहिले, पुढच्या पट्ट्या कुठलाही जोर न लावता आपापल्या भोकांसमोर येतील इतक्या हातानेच वाकवल्या आणि मग आधी खालचे दोन, नंतर वरचे दोन बोल्ट टॉर्क पान्याने ५ न्यूटन-मीटरला आवळले. आट्यांना मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावला. स्प्रिंग वॉशरवर अनेकांची श्रद्धा असते. माझी नाही, कारण ते कंपनाखाली बोल्टला फिरण्यापासून फारसे रोखत नाहीत आणि जाडी मात्र वाढवतात.

यानंतर दोन गोष्टी सहज विसरल्या जातात त्या तपासल्या: कॅलिपरचे बोल्ट कॅरिअर न काढता अॅलन कीने फिरवता येतात का, आणि चाकाची क्विक रिलीजची (पान्याशिवाय चाक सोडवण्याची) दांडी कॅरिअरच्या पायाला न अडता पूर्ण उघडते का. दांडी अडत होती. ती थोडी फिरवून मागच्या दिशेने बंद होईल अशी लावली.

शेवटी चारही बोल्टच्या डोक्यांवरून शेजारच्या धातूवर जाणारी नेलपॉलिशची एकेक रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटते. या एका रेघेने कानाचे काम डोळ्यांकडे येते, आणि कुरकुर हुकांची की बोल्टची हा वाद उरत नाही.

ओझे लावण्याची रीत

९ किलो एका बाजूला टांगण्याचे कारण साधे होते. उजवी पिशवी साखळीच्या बाजूला असल्याने मळते आणि उतरताना डावी बाजू हाताशी येते. तरी आता वह्यांचे दोन गठ्ठे होऊन डावीकडे ५ आणि उजवीकडे ४ किलो जातात, जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या बाजूला असतात. पहिल्याच फेरीनंतर त्या शिक्षिकांनी सांगितले की सुरुवातीला पॅडल मारताना हँडल डावीकडे खेचले जाण्याची जी सवय झाली होती ती आता लागतच नाही.

पिशवीची जागा ठरवताना टाचेचा प्रश्न आला. या फ्रेममध्ये पॅडलच्या धुऱ्यापासून मागच्या धुऱ्यापर्यंतचे अंतर ४३५ मिलिमीटर आहे आणि पिशव्या कॅरिअरच्या पुढच्या टोकाला टांगल्या तर पॅडल मागे जाताना टाच पिशवीला लागत होती. आधीच्या सात आठवड्यांत त्या नकळत डावा पाय बाहेर वळवून पॅडल मारत होत्या. पिशव्या ३० मिलिमीटर मागे घेतल्या. त्याहून अधिक मागे घेण्याचा मोह आवरला, कारण ओझ्याचा मध्य मागच्या धुऱ्याच्या मागे गेला की पुढचे चाक हलके होते, चढावर हँडल डगमगते आणि पुढच्या पट्ट्यांवर ओढ वाढते. हुकांमध्ये १० मिलिमीटर नळीसाठीचे अस्तर बसवले, खालचा आकडा कॅरिअरच्या पायामागे अडकवला. तो नसेल तर वळणावर पिशवी आत झुलून आऱ्यांत जाऊ शकते.

वरच्या पट्टीवर कधीतरी काही बांधायचे झाल्यास रुंद पट्टे वापरायचे ठरले. आकडे असलेली रबरी दोरी निसटली की तिचे टोक चाकात जाते, आणि मागच्या चाकात गेलेली दोरी फक्त चाक थांबवून स्वस्थ बसत नाही, अनेकदा गिअर बदलणारा डिरेलर आणि त्याला फ्रेमशी धरणारा हँगरही घेऊन जाते. वर बांधलेल्या सामानामागे सीटखालचा दिवा झाकला जातो, म्हणून दिवा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर, ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन भोकांत हलवला. मागच्या टायरमधली हवा त्याच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून थोडी वाढवली.

पहिली फेरतपासणी १०० किलोमीटरनंतर केली. खालच्या दोन्ही बोल्टच्या रेघा अखंड होत्या. उजव्या पुढच्या पट्टीच्या बोल्टची रेघ मात्र केसभर सरकली होती. तो काढून पाहिला तेव्हा पट्टीखाली रंगाचा जाड थर दबलेला सापडला. तेवढा रंग खरवडून, जागेवर गंजरोधक मेण लावून, नव्या थ्रेडलॉकसह बोल्ट पुन्हा ५ न्यूटन-मीटरला आवळला आणि नवी रेघ ओढली. पुढच्या ९०० किलोमीटरमध्ये चारही रेघा जागच्या जागी आहेत, आणि कुरकुर अजूनही अधूनमधून येते, ती आता खरोखरच हुकांची आहे.